सेशन रंगात येतं आणि नियमावर अडतं: बिघाड नेमका कुठे असतो

डन्जन्स ॲन्ड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र (कॅरेक्टर) घेतो आणि डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट चालवतो. अशा टेबलावर तक्रार दोन तोंडांनी येते. एक खेळाडू म्हणतो, "सगळा वेळ आकडेमोडीत जातो, गोष्ट पुढे सरकतच नाही." त्याच टेबलावर, त्याच रात्री दुसरी म्हणते, "डीएमच्या मनात आहे तेच होणार असेल तर मी एवढा विचार करून कॅरेक्टर बनवलं कशाला?" पुढच्या वेळी डीएम नियम सैल सोडतो, तर दुसरी चिडते. घट्ट धरतो, तर पहिला कंटाळतो. चार सेशन बरी जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

हे दुखणं परत परत उलटतं, कारण आपण दरवेळी प्रमाण बदलत बसतो. थोडे नियम कमी करू, थोडी गोष्ट वाढवू. माझं ठाम मत आहे की हा प्रमाणाचा प्रश्न नाहीच. बहुतेक वेळा बिघाड एकाच जागी असतो: फासा उचलायच्या आधीच्या क्षणात. रोल, म्हणजे फासा टाकणं, कशासाठी आहे, जमलं तर काय होईल, फसलं तर काय होईल, यातलं काहीच कोणाला माहीत नसतं आणि तरी फासा पडतो. आकडा आल्यावर त्याचा अर्थ डीएम नंतर लावतो. नियम मानणाऱ्याला ती मनमानी वाटते आणि गोष्टीत रमलेल्याला तो अडथळा वाटतो. दोघांचंही बरोबर असतं.

पुढचं सगळं डन्जन्स ॲन्ड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला धरून लिहिते आहे, आकडे २०१४ च्या पुस्तकांतले. २०२४ मध्ये जिथे फरक पडला आणि तो इथे महत्त्वाचा आहे, तिथे तसं सांगते.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

निदानाला एक सेशन पुरतं. डीएमने शेजारी एक कोरा कागद ठेवायचा. टेबलावरचे हात मोबाइलकडे वळले, किंवा कोणी भलताच विषय काढला, की त्या क्षणी खेळात काय चाललं होतं ते दोन शब्दांत टिपायचं. "नियम शोधत होतो." "त्याच गोष्टीसाठी तिसरा रोल." "पाळीची वाट." "मी वर्णन करत होते." सेशन संपल्यावर कागद बघा. बहुतेक टेबलांवर यातलं एकच कारण पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं. आधी तेवढंच दुरुस्त करा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी, म्हणजे उगाच स्वतःच्या डीएमला दोष दिला जात नाही. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला तेव्हा तो युद्धखेळांच्या पोटातून आला होता. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारी ही मंडळी. १९७१ सालच्या चेनमेल नावाच्या युद्धखेळाचे नियम त्यांच्या हाताशी होते. कोण किती सरकतो, कोणाचा घाव बसतो, कोण पडतो, याचं गणित तयार होतं. राजाशी बोलणं, खोटं पचवणं, मैत्री तुटणं हे पंचाच्या आणि खेळाडूंच्या समजुतीवर सोडलेलं होतं. तो कल आजही आहे. पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि त्या सहा सेकंदांत काय काय करता येतं याची पानंच्या पानं आहेत. अख्खं राज्य फिरवणारी वाटाघाट मात्र एका पर्सुएजन (मन वळवण्याच्या) रोलवर उरकता येते. म्हणजे जिथे गोष्ट सर्वांत दाट, तिथे नियम सर्वांत विरळ. ती जागा टेबलाने स्वतः भरायची असते आणि ती कशी भरायची हे कोणी ठरवलेलं नसतं, म्हणून भांडणं होतात.

कुलूप उघडत नाही आणि गोष्ट दारातच उभी

सर्वांत जास्त सेशन इथे वाया जातात, म्हणून यावर जरा थांबते.

एका ड्वार्फ राजाचं थडगं आहे. आतल्या खोलीला लोखंडी दार, दाराला कुलूप, आणि आत ते पत्र आहे ज्यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. रोग (इंग्रजीतला 'रोग', म्हणजे चोर प्रकारचं पात्र) म्हणतो, "कुलूप उघडतो." डीएम सवयीने म्हणतो, "रोल कर." रोगचा मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, +५; डीसी, म्हणजे गाठायची बेरीज, १५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवं. वीसपैकी अकरा आकडे, ५५ टक्के. फासा पडतो, ६ येतो.

आता पुढे काय? रोग म्हणतो, "पुन्हा करतो." डीएमने होकार दिला तर पाच प्रयत्नांत कुलूप उघडण्याची शक्यता ९८ टक्के होते, म्हणजे रोल निव्वळ वेळ घालवायला झाला. नकार दिला तर शंभरातल्या पंचेचाळीस वेळा कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, त्या दारात मरतं, आणि मग डीएमला कुठून तरी दुसरी किल्ली, दुसरी खिडकी, एखादा भला उंदीर आणावा लागतो. खेळाडूंना ते लगेच कळतं. दोन्ही वाटा वाईट, कारण मुळात रोलच चुकीचा मागितला.

दाराबाहेर कोणी नाही, घाई नाही, तर रोल नको. कुलूप उघडलं. ही डीएमची मेहेरबानी नव्हे, हे पुस्तकात आहे: फसण्याची किंमत फक्त वेळ असेल तर नेहमीच्या दहापट वेळ देऊन काम आपोआप होतं, असं २०१४ चं डीएमचं पुस्तक सांगतं. त्याआधी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'टेक ट्वेंटी' होतं, त्याचाही अर्थ हाच. नियम काटेकोर पाळणाऱ्या खेळाडूला हे दाखवा, तो सर्वांत आधी मान डोलावतो.

आणि पहारेकरी येत असेल तर? तर रोल हवा, पण वाक्य पूर्ण बोलून. "जमलं तर पहारेकरी वळणावर यायच्या आत तुम्ही आत आणि दार बंद. फसलं तरी कुलूप उघडेल, पण तो तुम्हाला बघेल. टाक." आता ६ आला तरी गोष्ट थांबत नाही, फक्त वेगळ्या दिशेने जाते. रोगच्या +५ ला किंमत आहे, कारण त्याने संकट टळू शकत होतं. शिवाय डीएमने नंतर काही जोडलं नाही, सगळं आधी सांगून झालं होतं.

एक-दोन आकड्यांनी हुकलेल्या रोलला 'किंमत मोजून यश' देण्याची सोय पाचव्या आवृत्तीतही आहे, पण ती एका कोपऱ्यात पर्याय म्हणून दिली आहे. ही कल्पना खेळाच्या गाभ्याशी आणली ती व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ॲपोकॅलिप्स वर्ल्डने, २०१० मध्ये. तिथे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. १० किंवा वर आलं तर पूर्ण यश, ७ ते ९ आलं तर यश पण काहीतरी द्यावं लागतं, ६ किंवा खाली आलं तर संकट. +१ मॉडिफायर असला की मधला निकाल ४४ टक्के वेळा येतो, म्हणजे तोच सर्वांत जास्त. तो खेळ खेळायचा नसला तरी एकदा त्याचे नियम वाचा. फसलेल्या रोलनंतर काय बोलायचं याची सवय तिथून चांगली लागते.

तपासाच्या गोष्टीत हे आणखी कडक पाळा. रॉबिन लॉज यांच्या गमशू पद्धतीत मुख्य धागा मिळवायला रोलच नसतो. योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतो, त्याला धागा मिळतो. धाग्याचं काय करायचं हा खरा खेळ. खुनाचा तपास चालू आहे आणि रक्ताचा डाग दिसण्यासाठी तुम्ही इन्व्हेस्टिगेशन रोल मागताय, तर थांबा. डाग दाखवा. तो कोणाचा, किती वेळापूर्वीचा, आणि हे समजून घेईपर्यंत घरमालक परत येतो का, यासाठी रोल ठेवा.

पाच दरवाजे, पाच रोल

उमरावाच्या गढीत चोरून शिरायचं आहे. अंगण, जिना, गॅलरी, दालन, तिजोरीची खोली. डीएम प्रत्येक ठिकाणी स्टेल्थ, म्हणजे लपतछपत जाण्याचा रोल, मागतो. प्रत्येक रोल जमण्याची शक्यता ७५ टक्के धरा, चांगलीच आहे. पाचही जमण्याची शक्यता किती? २४ टक्के. खेळाडूंनी छान बेत आखला, वेष बदलले, कुत्र्यांना मांस टाकलं, तरी चारातल्या तीन वेळा ते पकडले जाणार. बेत आखून काही होत नाही, शेवटी मारामारीच होते, असं टेबल हळूहळू शिकतं आणि मग बेत आखणंच सोडून देतं. डीएम म्हणतो, "माझे खेळाडू नुसते तलवारी उपसतात." त्यांना ते तुमच्या रोलनेच शिकवलेलं असतं.

दोन उपाय आहेत. पहिला, ल्यूक क्रेन यांच्या बर्निंग व्हील या खेळातून उचलण्यासारखा: एकदा टाकलेला रोल परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत टिकतो. गढीत शिरण्यासाठी एक स्टेल्थ, आणि तोच तिजोरीपर्यंत. दुसरा उपाय पाचव्या आवृत्तीतच आहे आणि आश्चर्य वाटावं इतका कमी वापरला जातो: ग्रुप चेक. सगळे रोल करतात, निम्म्या किंवा अधिक जणांना जमलं की सगळ्यांना जमलं. पाच जण, प्रत्येकी ७५ टक्के. एकही फसला तर सगळे पकडले असं धरलं तर पुन्हा तेच २४ टक्के. ग्रुप चेक केला तर जवळजवळ ९० टक्के. कॅरेक्टर शीटवरचा एकही आकडा बदललेला नाही, फक्त रोल मागण्याची रीत बदलली. शिवाय वजनदार चिलखतातला क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारा) पायऱ्यांवर धडपडतो आणि रोग त्याला वेळेवर सावरतो, असं चित्र त्या आकड्यांतून आपोआप तयार होतं.

बोलून दाखवलं, तरी रोल?

इथे टेबलं दोन टोकांना जातात. एकीकडे घरात वक्तृत्वस्पर्धेच्या ढाली असलेला मित्र फायटर, म्हणजे लढवय्या, खेळतो, करिष्मा (छाप पाडण्याची क्षमता) −१, आणि फर्डं भाषण ठोकून दरवेळी राजाला जिंकतो. दुसरीकडे अबोल मैत्रिणीने मुद्दाम बार्ड, म्हणजे गाण्या-बोलण्यात पटाईत पात्र, घेतली आहे, पर्सुएजन +७, आणि तिला डीएम म्हणतो, "बोलून दाखव." ती गप्प होते. आपल्याला जे प्रत्यक्षात जमत नाही ते एक दिवस जमावं म्हणूनच तर तिने बार्ड घेतली होती. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो.

मी असं करते: काय बोललं जातं ते गोष्टीचं, आणि किती छान बोललं जातं ते फाशाचं. खेळाडूने मला फक्त दोन गोष्टी सांगायच्या: काय मागतोय, आणि समोरच्याने ते का द्यावं. शब्द तिला सुचले नाहीत तरी चालतील.

"मी सरदाराला पटवते की आम्हाला घाटातून जाऊ दे."

"कशाच्या जोरावर?"

"त्याचा मुलगा नदीकाठच्या लढाईत आपल्या बाजूने होता ना? आपण त्याला उचलून आणलं होतं. ते सांगते."

झालं. हे कारण सरदाराच्या काळजाला भिडणारं आहे, म्हणून ॲडव्हान्टेज: दोन फासे, मोठा आकडा धरायचा. डीसी १५ असेल तर बार्डची शक्यता ६५ वरून साधारण ८८ टक्क्यांवर जाते. हेच कारण फायटरने दिलं तर त्याची २५ वरून ४४ वर जाते. विचार करणाऱ्या दोघांनाही फायदा झाला, आणि बार्ड निवडण्याला अर्थ उरला. भाषण आवडलं तर ऐकून घ्यावं, टाळ्या द्याव्यात, टेबलाला ते हवंच असतं. पण आकडा भाषणाला नाही, कारणाला.

रोलने काय मिळू शकतं याची मर्यादाही आधी सांगा. २०१४ च्या पुस्तकात यासाठी चांगला तक्ता आहे. शत्रुत्व असलेल्या माणसाकडून डीसी २० पार केला तरी इतकंच मिळतं की त्याला काही धोका किंवा त्याग नसेल तर तो सांगितलेलं करेल. राज्य देत नाही. आणि वीस आला म्हणून अशक्य ते शक्य होत नाही. आपोआप यशाचा नियम हल्ल्याच्या रोलला आहे, कौशल्याच्या रोलला नाही, २०२४ मध्येही नाही. टेबलाने ठरवून वेगळं खेळायचं तर जरूर खेळा, पण ठरवून. वीस आल्यावर एक जण नाचतोय आणि डीएम "तरी नाही" म्हणतोय, अशी वेळ आली तर रोल मागण्याआधीच "हे होणार नाही" म्हणायला हवं होतं.

ऐन लढाईत नियमाचा वाद

हा वाद ज्ञानाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. ओगर नावाच्या राक्षसाच्या गळ्याला मिठी मारून फायटर लोंबकळतोय आणि तीन जण मोबाइलवर ग्रॅपल (पकडून धरण्याचा नियम) शोधताहेत. त्यात २०१४ मध्ये ग्रॅपल म्हणजे दोघांच्या रोलची झुंज, आणि २०२४ मध्ये समोरच्याचा सेव्हिंग थ्रो (सेव्ह), म्हणजे वाचण्यासाठी त्याने टाकलेला फासा. दोघांना दोन वेगळी पानं सापडतात आणि दोघंही बरोबर निघतात. म्हणून कोणती आवृत्ती ते पहिल्या सेशनच्या आधी ठरवा आणि गटाच्या चॅटवर वर लावून ठेवा.

पुढचं सरळ आहे. नियम एका मिनिटात सापडला नाही तर डीएम निर्णय देतो, तो या सेशनपुरता टिकतो, एक जण वहीत लिहितो, आणि सेशन संपल्यावर पुस्तक उघडून पुढच्यासाठी कायमचं ठरतं. कॅरेक्टरचा जीव पणाला असेल आणि शंका असेल तर निर्णय खेळाडूच्या बाजूने. वही मात्र हवीच. तिच्यामुळे "मागच्या वेळी तू वेगळं सांगितलंस" हा वाद मिटतो, आणि काही महिन्यांनी त्याच वहीत तुमच्या टेबलाचे स्वतःचे नियम तयार झालेले असतात.

ज्याला सगळे नियम पाठ आहेत त्याला गप्प बसवू नका. वही त्याच्याच हातात द्या. नियमाचा मान राखला जाणार आहे अशी खात्री असली की त्याला मध्येच हात वर करावा लागत नाही. फायरबॉल या आगीच्या मंत्राच्या वीस फूट त्रिज्येत कोण येतं हे डीएमने मोजायची गरज नाही, तो मोजेल, आणि आपल्याच मित्राविरुद्ध जाणारा नियमही प्रामाणिकपणे सांगेल.

स्क्रीनमागे फिरवलेला आकडा

यावर मतभेद आहेत, आणि चांगले चांगले डीएम माझ्या उलट बाजूला आहेत. तरी सांगते: स्क्रीनमागे, म्हणजे डीएमसमोरच्या आडोशामागे, पडलेला आकडा बदलू नका. कॅरेक्टर वाचावं म्हणून नाही, खलनायक निसटावा म्हणून तर मुळीच नाही. खेळाडूला एकदा कळलं की एक आकडा फिरवला होता, की त्याआधीचे सगळे विजय संशयात येतात. आणि ते कळतंच. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं ओळखीचा असतो.

जो निकाल तुम्हाला चालणार नाही त्यासाठी फासा टाकूच नका. आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. दोरखंडाचा पूल होता, मागून ओगर, आणि गावातली पोरं पलीकडे पोचवायची होती. फायटरने सांगितलं की तो मागे थांबतो. थांबला, लढला आणि त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर आले. डेथ सेव्हमध्ये (जगण्या-मरण्याच्या रोलमध्ये) दोन यश, दोन अपयश झाली. कोणाचाही स्पेल (मंत्र) तिथवर पोचत नव्हता. पुढच्या रोलला १० किंवा वर आलं तर जगणार, खाली आलं तर गेला. मी स्क्रीन आडवी पाडली आणि म्हटलं, मधोमध टाक, सगळ्यांना दिसू दे. सात आला.

त्यानंतर गोष्ट जिथे गेली ती मी लिहून ठेवली नव्हती, नियमांनी तिला तिथे नेलं. मेलेल्याला उठवणाऱ्या रेज डेड स्पेलला ५०० सोन्याच्या नाण्यांच्या मोलाचा हिरा लागतो, आणि मरणाला दहा दिवसांपेक्षा जास्त होऊन चालत नाही. आमची क्लेरिक पाचव्या लेव्हलची, म्हणजे तो स्पेल तिच्या आवाक्याबाहेर, म्हणून मोठ्या देवळातला पुजारी गाठायला हवा. देऊळ सहा दिवसांच्या वाटेवर. आणि सगळ्यांना माहीत असलेला एकच हिरा त्या जहागीरदाराच्या मुकुटात, ज्याला आम्ही आदल्याच सेशनला भर दरबारात खोटारडा म्हटलं होतं. प्रेत मीठ लावून गाडीत ठेवायचं की नाही यावर अर्धा तास खल झाला. पुस्तकातल्या दोन आकड्यांनी, ५०० आणि १०, पुढची चार सेशन रचली. मी त्या सातचा अकरा केला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

पण सगळ्या टेबलांना मरण चालत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. मग ते आधी ठरवा. "खेळाडूच्या संमतीशिवाय कॅरेक्टर मरणार नाही, शून्यावर आलं तर काहीतरी कायमचं गमवावं लागेल." हाही नियमच झाला, सगळ्यांना माहीत असलेला, आणि त्यात तितकीच धार ठेवता येते. तलवारीने शून्यावर आणणारा मारायचं की बेशुद्ध करायचं ते ठरवू शकतो, ही सोय राक्षसांनाही आहे. दरोडेखोरांना प्रेत नको असतं, खंडणी हवी असते.

लढाई चुकून फार जड झाली तर फासा सोडून बाकी सगळं तुमच्या हातात आहे. शत्रू माघार घेऊ शकतो, बोलणी लावू शकतो, पूल तुटू शकतो. ओगरचे ५९ हिट पॉइंट म्हणजे सरासरी आहे. शेजारी कंसात फाशांचं सूत्र दिलंय, त्यानुसार तो २८ चाही असू शकतो आणि ९१ चाही. दुबळ्या गटासमोर आधीच चाळीसचा ओगर ठेवा. लढाई सुरू झाल्यावर मात्र तो आकडा हलवायचा नाही.

खलनायकाचं दुखणं वेगळं. तिसऱ्या सेशनला तो समोर येतो, मोठं भाषण करतो, विझार्ड होल्ड पर्सन (माणसाला जागीच खिळवणारा स्पेल) टाकते, त्याचा सेव्ह फसतो, आणि डीएम म्हणतो, "तरी तो धुरात नाहीसा होतो." त्या क्षणी विझार्डचा स्पेल, तिची पाळी आणि तिचा विश्वास, तिन्ही वाया. नियमात याची तजवीज आहे. मोठ्या राक्षसांना लेजंडरी रेझिस्टन्स असतो, बहुतेकांना दिवसातून तीन वेळा, ज्याने फसलेला सेव्ह जमलेला धरता येतो. तो उघडपणे वापरा: "त्याने एक खर्च केला, दोन उरले." विझार्डने काहीतरी कमावलं. आणि ज्या खलनायकाचा तिसऱ्या सेशनला मृत्यू तुम्हाला परवडणार नाही, त्याला तिसऱ्या सेशनला खेळाडूंच्या हाताच्या अंतरावर आणू नका. पत्र पाठवा, दूत पाठवा, दरीच्या पलीकडून दाखवा. तरीही त्यांनी त्याला गाठून मारलं तर मारू द्या. त्याची जागा घ्यायला टपलेलं कोणीतरी असतंच.

लांबलेली लढाई

कागदावर "पाळीची वाट" जास्त वेळा आलं असेल तर हे वाचा, नाहीतर पुढे जा.

निकाल दिसायला लागला की लढाई संपवा. जुन्या खेळात यासाठी मोराल, म्हणजे शत्रूच्या धैर्याचा आकडा, होतं: १९८१ च्या बेसिक संचात टोळीतला पहिला पडला, मग निम्मे पडले, की दोन फाशांचा रोल व्हायचा आणि तो त्यांच्या मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आला की टोळी पळायची. पाचव्या आवृत्तीत हेच पर्याय म्हणून आहे, डीसी १० चा विज्डम सेव्ह. गॉब्लिनचा विज्डम −१, म्हणजे निम्म्या वेळा तो पळणार. पळालेला गॉब्लिन गोष्टीला मेलेल्यापेक्षा उपयोगी, तो कोणाला तरी बातमी देतो. प्रत्येक लढाईत शत्रूला मारण्याखेरीज एक हेतू द्या, पेटी पळवणं, घंटा वाजवणं, कोणाला तरी उचलून नेणं. मग फेऱ्यांची संख्या आपसूक आवरते. आणि पाळी द्यायच्या आधीच पुढच्याला सांगून ठेवा: "आता ही, मग तू." एवढ्यानेही बराच वेळ वाचतो.

कागदावर "मी वर्णन करत होते" आलं असेल तर

हे कबूल करायला डीएमला जड जातं, कारण वर्णन आपण जीव लावून लिहिलेलं असतं. पण खेळाडू ऐकायला आलेले नसतात, काहीतरी करायला आलेले असतात. चार वाक्यं बोला आणि प्रश्नाने थांबा: "काय करता?" देवळाच्या खांबांचा इतिहास कोणी विचारला की सांगा. विचारणाऱ्याच्या शीटवर हिस्टरी कौशल्य असेल तर रोलही नको, त्यालाच ते माहीत आहे म्हणून सांगा, आणि बाकीच्यांना तो सांगेल. तुमच्या मनातली माहिती अशी खेळाडूच्या तोंडून बाहेर आली की त्याने ते कौशल्य घेतल्याचं सार्थक होतं.

हे सगळं करूनही अडत असेल तर

मग कदाचित खेळच वेगळा हवा. पाचवी आवृत्ती हा मुळात साहसाचा आणि लढाईचा खेळ आहे. कॅरेक्टर शीटवरचं बहुतेक सामान लढाईसाठी आहे. तुमच्या टेबलाला राजकारण, नाती आणि तपास हवा असेल तर त्या शीटशी कायम ओढाताण होणार. चोर-टोळ्यांच्या गोष्टी रंगतात त्यांनी जॉन हार्पर यांचं २०१७ चं ब्लेड्स इन द डार्क बघावं. फसलं तर किती वाईट होणार आणि जमलं तर किती फायदा होणार हे तिथे प्रत्येक रोलआधी बोलावंच लागतं, नियमच तसा आहे. भीती आणि तपास आवडतो त्यांच्यासाठी कॉल ऑफ कथुलू १९८१ पासून आहे. त्याच्या सातव्या आवृत्तीत फसलेला रोल पुन्हा टाकता येतो, पण दुसऱ्यांदा फसलं तर गंभीर परिणाम ठरलेला असतो. कुलपाच्या दारावरचं उत्तर हेच, फक्त छापील.

चालू कॅम्पेन मोडून नव्या खेळात उडी मात्र घेऊ नका. एका संध्याकाळीपुरती छोटी गोष्ट घ्या, तयार कॅरेक्टर वाटा, आणि तोच निदानाचा कागद शेजारी ठेवा. नव्या खेळातही हात त्याच क्षणी मोबाइलकडे वळत असतील तर खेळ बदलून उपयोग नाही, आपल्या जुन्या टेबलावर परत या आणि आधी रोल मागण्याची सवय बदला. वळत नसतील, तर जुन्या कॅरेक्टरना त्या नियमांत कसं आणायचं याची चर्चा पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून करा.